दिव्याची मोड

व्यापारी समाजाच्या जीवनात दिव्याला जे मानाचे स्थान आहे, ते दुसऱ्या कोणत्याही वस्तूला क्वचितच लाभले असेल. दीपावलीच्या अमावास्येस पावापुरी येथे भगवान महावीरांचे निर्वाण झाले. ज्ञानाचा प्रकाश लोपला, तेव्हा निदान बाह्य प्रकाश तरी उजळावा, अशा भावनेने त्या वेळच्या गणराजांनी दीप लावले, अशी कथा कल्पसूत्रात आली आहे. वीर निर्वाण संवत् तेथूनच मोजला जातो, आणि आपल्या पेढ्यांवरील वहीपूजनही त्याच दिव्यांच्या साक्षीने होते. तेव्हा आपल्या वार्षिक स्मरणिकेत दिव्यासंबंधी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरणार नाही.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय ज्योत हा नसून दिव्याचा देह हा आहे. हा देह कोणत्या द्रव्याचा घडला, ते द्रव्य कोठून आले, आणि दिवा निकामी झाल्यावर त्याचे पुढे काय होते, हे प्रश्न वरवर पाहता कारागिरांचे वाटतात. परंतु ते मूलतः व्यापाऱ्याचे प्रश्न आहेत. मालाची आवक कोठून, जावक कोठे आणि अखेरीस शिल्लक काय, हे पाहिल्याविना आपण कोणताही हिशोब पुरा मानीत नाही. टाकाऊ वस्तूंपासून दिवे घडविण्याची आवड अलीकडे सर्वत्र वाढली आहे. त्या आवडीचाही असाच जमाखर्च मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समई आणि कासाराची तागडी

आपल्या देवघरातील पितळी समई नीट न्याहाळली तर एक गोष्ट ध्यानात येते. ती एकसंध नसते. रुंद व जड बैठक, त्यावर खांब, खांबावर तेलाचे तबक आणि वर शिखर किंवा मोर, असे तिचे निरनिराळे भाग असतात व ते आट्यांनी एकमेकांत बसविलेले असतात. सणापूर्वी गृहिणी ते सोडविते, चिंच लावून घासते आणि पुन्हा जोडते. एखाद्या तबकाला चीर गेली तर तेवढेच तबक बदलता येते. उरलेली समई पुढच्या पिढीच्या कामी येते. गोव्यातील डिचोलीचे कासार असोत वा उत्तरेकडील मुरादाबादचे कारागीर असोत, समईच्या रचनेचे हे तत्त्व सर्वत्र एकच आहे.

या रचनेमागे व्यवहाराची एक जुनी पद्धत उभी होती. कासाराच्या दुकानी नवे भांडे घ्यावयास जाताना घरातील फुटकेतुटके पितळ पिशवीत घालून नेण्याचा परिपाठ होता. दुकानदार ते तागडीत घालून त्याची मोड धरी, नव्या भांड्याच्या किमतीतून ती वजा करी आणि राहिलेला फरक व घडणावळ एवढेच गिऱ्हाइकाकडून घेई. आजही जुन्या पेठांतून हा व्यवहार चालतो. म्हणजे पितळेचे भांडे विकत घेताना त्याची अखेरची किंमतही घेणाऱ्यास ठाऊक असे. उकिरड्यावर पितळ पडलेले कोणी पाहिले नाही, याचे कारण लोकांचा सद्गुण हे जितके होते, तितकेच मोडीला मिळणारा भाव हेही होते.

मोडीचे पितळ मुशीत नऊशे अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. त्यांपैकी जस्ताचा काही अंश उष्णतेने वाफ होऊन उडून जातो, म्हणून जाणता ओतारी रस ओतण्यापूर्वी थोडे नवे जस्त त्यात मिसळतो. एवढी घट सोडली तर द्रव्य जसेच्या तसे परत मिळते. खाणीतून खनिज उकरणे, ते दळणे, शुद्ध करणे हा सारा खटाटोप वाचतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा लाभ सर्वांत ठळक आहे: खनिजापासून धातू काढण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांतच मोडीपासून तोच धातू पुन्हा सिद्ध होतो. बेळगाव व कोल्हापूर येथील ओतशाळांशी ज्यांचा व्यवहार आहे, त्यांना भंगार हा कच्चा माल असतो हे वेगळे सांगावयास नको.

कंदिलाचे सुटे भाग

समईनंतर आपल्या घरांत आला तो कंदील. काचेचा स्वदेशी धंदा उभा करण्यासाठी लोकांकडून पैसा पैसा गोळा करून १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, आणि पुढे कऱ्हाडजवळील ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील खेडोपाडी उजेड नेला. त्या कंदिलाची बांधणी आजच्या व्यापाऱ्याने अवश्य आठवावी. टाकी, बर्नर, वात, काच आणि तारेची जाळी हे सारे भाग सुटे होत. किराणा दुकानात वात हाताने मोजून मिळे, काच क्रमांकावरून मिळे. काच फुटली म्हणून कंदील फेकून देण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. कंदील एकदा खपे, पण त्याच्या काचा व वाती वर्षानुवर्षे खपत; म्हणजे दुरुस्तीनेही दुकानदाराचा संसार चाले.

फुटलेल्या काचेचीही मोड होते. काच कितीही वेळा वितळविली तरी तिचा गुण कमी होत नाही. भट्टीतील कच्च्या मालात दर दहा टक्के काचतुकडे घातले असता इंधनाची सुमारे अडीच ते तीन टक्के बचत होते, कारण रेती व सोडा यांच्या मानाने तयार काच लवकर वितळते. अट एवढीच की काच स्वच्छ व रंगवार निवडलेली असावी. हिरव्या बाटलीचे तुकडे पांढऱ्या काचेत पडले तर सारा घाणा बिघडतो. निवड हीच मोडीच्या व्यापाराची खरी किल्ली होय.

चिमणीचा धडा

आता टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या दिव्यांकडे वळू. ही कल्पना नवी आहे असे आपण समजतो. पण गरिबाच्या झोपडीत ती पूर्वापार होती. औषधाची रिकामी बाटली किंवा पत्र्याचा डबा, झाकणाला भोक, त्यात चिंधीची वात आणि आत रॉकेल, एवढ्यावर चिमणी तयार होई. खर्च जवळजवळ शून्य. वापरलेली प्रत्येक वस्तू टाकाऊ. केवळ पुनर्वापराच्या कसोटीस लावले तर याहून निर्दोष दिवा सापडणार नाही.

प्रत्यक्षात मात्र या दिव्याने असंख्य घरे होरपळून काढली. बाटली उंच व हलकी, म्हणून धक्का लागताच कलंडे. झाकण सैल, म्हणून तेल सांडे. पडलेली बाटली घरंगळत जाई आणि आग पसरे. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडाकुंबुर यांच्यापुढे अशा रीतीने भाजलेले रुग्ण वारंवार येत. शस्त्रक्रिया करीत राहण्यापेक्षा दिवाच सुधारावा, असे त्यांनी मनाशी घेतले. एका बसक्या, जाड काचेच्या बरणीवरून त्यांना आकृती सुचली. त्यांनी योजिलेला दिवा ठेंगणा व वजनदार आहे, त्यामुळे तो सहसा कलंडत नाही. त्याच्या दोन बाजू सपाट आहेत, त्यामुळे पडलाच तर घरंगळत नाही. धातूचे झाकण आट्यांचे आहे, त्यामुळे तेल सांडत नाही. आणि काच जाड असल्याने सहज फुटत नाही. या कार्याबद्दल १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

या उदाहरणात आपल्या विषयाचे सार आहे. टाकाऊ वस्तू उपयोगात आली एवढ्याने दिवा चांगला ठरत नाही. वस्तूचा आकार, तिचे वजन, तिचे झाकण यांचा विचार ज्याने केला, त्याचा दिवा चांगला. गरिबाला स्वस्त म्हणून धोका विकणे हा व्यापार नव्हे. मग तो धोका पुनर्वापराच्या नावाने विकला तरी त्याचे स्वरूप बदलत नाही.

बाटलीतील ऊन

दुसरे उदाहरण ब्राझील देशातील आहे. उबेराबा या गावी आल्फ्रेडो मोझर नावाच्या यंत्रकारागिराने २००२ साली, विजेच्या टंचाईच्या दिवसांत, प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरून ती छपराला पाडलेल्या भोकात बसविली. अर्धी बाटली छपरावर, अर्धी खोलीत. वरून पडणारे ऊन पाण्यात शिरताना वळते आणि खोलीत सर्व दिशांना पसरते. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून दोन बुचे ब्लीचिंगचे द्रावण घातले, की काम झाले. उन्हाच्या मानाने अशा एका बाटलीपासून ४० ते ६० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड मिळतो. २०११ पासून फिलिपाइन्समध्ये इलाक डियाझ यांनी या युक्तीचा मोठा प्रसार केला. पुढे रात्रीच्या सोयीसाठी त्याच बाटलीस लहान सौर पट्टी व एल.ई.डी. जोडण्याचीही पद्धत निघाली.

या दिव्यात नवे द्रव्य जवळजवळ नाही, वीज नाही, ज्वालाही नाही. भिंतीला भिंत लागून बांधलेल्या, खिडकी नसलेल्या पत्र्याच्या खोलीत दिवसा दिवा लावण्याची गरजच त्याने नाहीशी केली. गोदामांच्या पत्र्यांत पारदर्शक पत्रा बसविण्याची आपली रीत याच जातीची आहे. मात्र छपराला पाडलेले भोक पावसाळ्यात गळू नये म्हणून कडा नीट बुजविल्या पाहिजेत, आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होत असल्यामुळे बाटली काही वर्षांनी बदलली पाहिजे. ती सहज बदलता येते, हाही तिचा गुणच.

नव्या दिव्याची जमा आणि खर्च

आता आपल्या दुकानांतून आज सर्वाधिक खपणाऱ्या एल.ई.डी. दिव्याचा हिशोब करू. जमेची बाजू भक्कम आहे. जुना ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो; तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा सुमारे १६ युनिटांत भागवितो. निळ्या एल.ई.डी.च्या ज्या शोधामुळे हा पांढरा प्रकाश शक्य झाला, त्याला २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक लाभले. आपल्या देशात २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेखाली असे ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. या दिव्यात पारा नाही, हाही मोठा लाभ. त्याच्या आधीच्या सी.एफ.एल. दिव्यांत व ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. म्हणूनच पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या परिषदेने सामान्य प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरविले.

खर्चाची बाजू मात्र आपण फारशी उघडून पाहत नाही. दिवा बंद पडला की तो फेकावयाचा, असे गिऱ्हाईक समजते आणि दुकानदारही तसेच सांगतो. वस्तुतः प्रकाश देणारे कण बहुधा शाबूत असतात. बिघडतो तो वीजपुरवठ्याचा लहानसा भाग, म्हणजे ड्रायव्हर. त्यातही उष्णतेने सुकणारा कपॅसिटर. काही वेळा एका रांगेत जोडलेल्या कणांपैकी एकच कण जळतो आणि साखळी तुटल्यामुळे सारा दिवा अंधारतो. म्हणजे एका कपॅसिटरपायी किंवा एका कणापायी ॲल्युमिनियम, तांबे, प्लास्टिक असा सारा ऐवज कचऱ्यात जातो. तो परत मिळविणे कठीण, कारण सारे भाग डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेले असतात. फोडल्याशिवाय दिवा उघडत नाही आणि फोडल्यावर तो जोडता येत नाही.

समईला आटे होते, कंदिलाला सुटी काच होती. या दिव्याला उघडण्याची वाटच ठेवलेली नाही. त्यामुळे त्याची मोड होत नाही. भंगारवाला तो तोलून घेत नाही. आणि घेतलाच तर तारेतील तांब्यासाठी आवरण जाळले जाते. त्या धुरात उभा राहणारा मजूर आपल्याच गावाच्या कडेला राहत असतो. वस्तू विकून आपला व्यवहार संपला असे आपण मानतो, पण तिचा उरलेला भार अशा रीतीने दुसऱ्या कोणाच्या तरी खाती मांडला जातो.

कायद्याने या बाबतीत पाऊल टाकले आहे. ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फत माल परत मार्गी लावण्याचे दायित्व ठेवले आहे. परंतु गिऱ्हाईक आणि उत्पादक यांच्यामध्ये उभा असतो तो दुकानदार. त्याच्या हातून वस्तू परत फिरली नाही तर नियम कागदावरच राहील.

घरी दिवे घडविणाऱ्यांसाठी काही सूचना

आपल्या समाजातील भगिनी व तरुण मंडळी जुन्या बाटल्या, वेताच्या टोपल्या, पितळी भांडी, साड्यांचे काठ यांपासून सुंदर दिवे करतात. या कौतुकास्पद उद्योगात काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. कागद, कापड, वेत वा प्लास्टिक यांच्या आवरणात जुना तापणारा बल्ब कधीही लावू नये, एल.ई.डी. दिवाच लावावा, आणि तोही कोंडून न ठेवता वर-खाली हवा खेळू द्यावी, कारण उष्णतेनेच त्याचे आयुष्य घटते. जुन्या समईचा किंवा पितळी घागरीचा विजेचा दिवा केला तर तीन पदरी वायर वापरून धातूला अर्थिंग अवश्य द्यावे. वायर जेथून आत जाते त्या भोकाची धार घासून तेथे रबरी कडी बसवावी. दिव्यावर भारतीय मानक चिन्ह पाहून घ्यावे.

कापलेल्या बाटलीची कड पाण्यात भिजवून घासावी, म्हणजे काचेची धूळ उडत नाही. सी.एफ.एल. दिव्याच्या नळीला मात्र हात लावू नये. ती फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, केरसुणीने न झाडता तुकडे जाड कागदाने गोळा करून बंद बरणीत ठेवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाग डिंकाने चिकटवू नयेत, स्क्रूने जोडावेत. काच, धातू आणि कापड पुढे वेगळे करता आले नाहीत, तर आपण कचऱ्याला काही वर्षांची मुदत दिली, एवढाच त्याचा अर्थ होईल.

धर्म आणि दुकान

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे. प्रयोजनावाचून पृथ्वी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे हा प्रमाद होय, असा तिचा आशय आहे. विजेच्या दिव्यात जीव मानावा की नाही याविषयी निरनिराळ्या परंपरांत मतभेद आहेत; त्यांत शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु जे तांबे, जे ॲल्युमिनियम आपल्या हातात आधीच आहे, ते फेकून देऊन त्याच्यासाठी पुन्हा डोंगर फोडावयास लावणे, याला प्रयोजनावाचून झालेली हिंसा म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. मोड वितळविण्यासही भट्टी लागते, हे खरे. म्हणून क्रमही तोच धरावा: प्रथम नको असलेला दिवा मालवावा, मग बिघडलेला दुरुस्त करावा, आणि दुरुस्त न होणाराच मोडीत घालावा. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाशाकडे कीटक कमी ओढले जातात. तेव्हा ओसरीवर व मंदिराच्या आवारात तसा दिवा निवडणे हेही अहिंसेच्या दृष्टीने उचित ठरेल.

आपल्या संघाचे सभासद भांडी, वीजसामान, हार्डवेअर व भंगार अशा चारही व्यवसायांत आहेत. दिव्याचे सारे आयुष्य या चार दुकानांतून फिरते. वीजसामानाच्या प्रत्येक सभासदाने दुकानात बंद पडलेल्या दिव्यांसाठी एक पेटी ठेवावी, पारायुक्त दिवे वेगळे ठेवावेत, आणि जुना दिवा परत आणणाऱ्यास नव्या दिव्यात काही सूट द्यावी. ही सूट म्हणजे दुसरे काही नसून कासाराच्या तागडीवरील मोडच होय. जमा झालेला माल संघामार्फत एकत्र करून नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पाठविला तर वाहतुकीचा भारही विभागला जाईल. ज्यांना कपॅसिटर बदलण्याचे काम येते अशा एक-दोन तरुणांना दुकानात जागा दिली तर त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय होईल आणि गिऱ्हाईकही टिकेल.

याहूनही मोठे बळ आपल्या खरेदीत आहे. ठोक व्यापाऱ्याकडे माल मागविताना आपण दर विचारतो, हमी विचारतो, मुदत विचारतो. त्याच दमात आणखी एक प्रश्न विचारावा: हा दिवा उघडतो का, आणि याचा ड्रायव्हर सुटा मिळतो का? एकट्या दुकानदाराच्या प्रश्नाकडे कारखानदार दुर्लक्ष करील. साऱ्या पेठेने विचारलेला प्रश्न त्याला टाळता येणार नाही. कंदिलाच्या काचा सुट्या मिळत, कारण त्या मागितल्या जात.

येत्या दीपावलीस वहीपूजनासाठी आपण समई उजळू, तेव्हा तिचे आटे सोडवून ती आपल्या मुलांच्या हाती द्यावी आणि ती पुन्हा जोडावयास सांगावी. वस्तू कशी घडावी आणि कशी परत फिरावी, याचा पाठ त्यांना त्यातूनच मिळेल. सर्व सभासद बंधुभगिनींना नवे वर्ष सुखाचे व समृद्धीचे जावो.